चार लाख रुपये, नऊशे मुलं आणि म्हाताऱ्यांची बत्तीशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या ट्रस्टकडे दातांच्या कामासाठी वर्षाला चार लाख रुपये आहेत. बीड जिल्ह्यातलं ऊसतोड्यांचं तालुक्याचं गाव, भोवतीच्या आठ वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा, मिळून नऊशेच्या आसपास मुलं. विश्वस्तांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळा पैसा पोरांवर लावा, त्यांचं आयुष्य पुढं पडलंय. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्यांनी जन्मभर राबून काढलं, आता चार वर्षं तरी त्यांना भाकरी चावून खाऊ द्या. यात न्याय कशात आणि पैशाचं चीज कशात, असं तुम्ही विचारलंय.

सर, मी शेजारच्या तालुक्यात सव्वीस वर्षं दवाखाना चालवतोय. त्याआधी सहा वर्षं ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी होतो. मला विचाराल तर दोन्ही तटांचं पहिलं गृहीतकच चुकलंय. तुमच्याकडे पैसा कमी आहे, हे खरं. पण त्याहून कमी आहे ती खुर्ची. दंतवैद्याची खुर्ची आणि तिच्यावर बसलेल्या माणसाला देता येणारी मिनिटं. भांडण मिटवायचं असेल तर आधी ही मिनिटं मोजा, रुपये नंतर.

खालच्या दाढेचं एक रूट कॅनाल म्हणजे दोन वेळा बोलावून पाऊण-पाऊण तास, शिवाय कॅपचं माप वेगळं. एक पूर्ण बत्तीशी, म्हणजे सगळ्या दातांची कवळी, म्हटलं की पाच खेपा: आधी साधं माप, मग नेमकं माप, मग मेणावर चाव्याची उंची, मग मेणात दात बसवून तोंडात घालून बघणं, आणि शेवटी तयार कवळी. सगळं मिळून तीनेक तास, आणि पुढच्या घासाघाशीच्या खेपा आणखी वेगळ्या. याउलट एका पोराच्या दातांना फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड अडवणारा लेप, लावायला तीन मिनिटं लागतात आणि त्याला खुर्ची लागतच नाही. शाळेचा बाक, उजेड, कापूस आणि छोटा ब्रश एवढ्यावर भागतं. नऊशे मुलांना एकदा लावायचं तर पंचेचाळीस तास. तेही माझ्या देखरेखीखाली एखादी हायजिनिस्ट किंवा इंटर्न डॉक्टर करू शकते.

म्हणजे पोरांचं बरंचसं काम खुर्चीवरून उठवून शाळेत नेता येतं. ते तिकडं नेलं की इकडं खुर्ची रिकामी होते, आणि ती म्हाताऱ्यांना मिळते. विश्वस्तांच्या सभेत हे समोरासमोरचे दोन पक्ष वाटतात, पण दवाखान्याच्या घड्याळात त्यांची फारशी टक्कर होत नाही. टक्कर होते ती दुसरीकडेच. ती कुठं, ते पुढं सांगतो.

आधी पोरांचं.

मागच्या श्रावणातली गोष्ट. एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. गाल सुजलेला. दोन रात्री लवंग चोळून काढलेल्या. मी आरसा घालून बघितलं, तर खालची डावी दाढ आतून पोखरून नुसतं कवच उरलेलं. बाई म्हणाली, "दुधाचाच हाय ना डॉक्टर, पडंल की." मी तिला जवळ बोलावलं, मुलीचं तोंड उघडून धरलं आणि पुढच्या मधल्या दातापासून बोटानं मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ही सहावी दाढ, कायमची. सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही, सगळ्यांच्या मागं गुपचूप उगवते, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. बाईनं पदर तोंडाला लावला आणि काहीच बोलली नाही.

ही चूक मी आठवड्याला एकदा तरी पाहतो. शिकलेल्या घरांतही. आणि सगळ्या चावण्याचा भार आयुष्यभर जिच्यावर राहायचा ती हीच दाढ. नवी आलेली असताना तिच्या माथ्यावरच्या खोल चिरा ग्लास आयोनोमर सिमेंटनं बंद केल्या तर कीड धरायची शक्यता खूप कमी होते. या सिमेंटला वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही, बोटानं दाबून बसवता येतं आणि त्यातून थोडंथोडं फ्लोराइडही सुटत राहतं. ज्या पद्धतीत हाताच्या साध्या हत्यारांनी कीड खरवडून हेच सिमेंट भरतात, ती ऐंशीच्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांसाठीच बेतली गेली. आपल्या वस्त्यांना ती बरोबर लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट, हे सिमेंट आणि कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड अशा तिन्ही गोष्टी घातल्या. महागडं यंत्र त्यात एकही नाही.

त्या मुलीच्या दाढेचं काय केलं, असं विचाराल. काढली. नववं-दहावं वर्ष असेल आणि दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल, तर मागची बारा वर्षांची दाढ उगवण्याआधी ती काढलेली पुष्कळदा फायद्याची ठरते. मागची दाढ सरकत पुढं येऊन जागा बऱ्यापैकी भरून काढते. वरच्या जबड्यात हे जास्त चांगलं जमतं, खालच्यात थोडं कमी. पंधराव्या वर्षी काढली असती तर खड्डा जन्मभर राहिला असता. हे ज्याच्या त्याच्या एक्स-रेवर ठरवायचं असतं, सरसकट नियम म्हणून कुणी धरू नये.

आता वेळापत्रक, कारण तुमच्या भागात सगळा खेळ त्याचाच आहे. वार्निश वर्षातून निदान दोनदा लावायचं. बहुतेक जण शाळा सुरू झाल्यावर एकदा आणि जानेवारीत एकदा असं ठरवतात. तुमच्याकडं जानेवारीत अर्धी मुलं सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतील. म्हणून पहिली फेरी जून-जुलैत आणि दुसरी दसऱ्याच्या आगेमागे, टोळ्या निघण्याआधी घ्या. मध्ये अंतर कमी पडतं, मान्य. पण जे पोर समोर नाही त्याला लावता येत नाही. जी मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी मागं राहतात, त्यांना फेब्रुवारीत तिसरी फेरी द्या. ती यादी मुख्याध्यापकांकडं असतेच.

तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला, आणि दातांचे आजार त्याच्या यादीत आहेत. पथकानं "दात किडलेले" असा शेरा मारलेल्या मुलांची नावं ग्रामीण रुग्णालयातून मिळवा. शोधायचं काम झालेलंच आहे, अडतं ते शोधल्यानंतर. तुमचा पैसा तिथं लागायला हवा.

एक गोष्ट मात्र आधी करून घ्या. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासा. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही पट्ट्यांत ते इतकं जास्त आहे की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात आणि पुढं हाडांवरही परिणाम होतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे एक मिलिग्रॅम सांगतं, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतं. तुमच्या एखाद्या वस्तीवर आकडा त्यावर निघाला, तर तिथला पहिला खर्च पाण्यावर. वार्निश लावायचं की नाही हे त्यानंतर बघू.

आता म्हाताऱ्यांकडे येतो. इथं मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शिबिरात आम्ही तीन दंतवैद्यांनी मिळून साठेक बत्तीश्या बसवल्या. मांडव, हार, फ्लेक्स, वर्तमानपत्रात फोटो. मापं एका रविवारी, वाटप पंधरा दिवसांनी. मधल्या दोन खेपा आम्ही गाळल्या, कारण पाहुण्यांची तारीख ठरली होती. वर्षभरानं मी एका वस्तीवर दुसऱ्या कामासाठी गेलो. आठवण ठेवून एका आजींच्या घरी डोकावलो. त्या चहात भाकरी कुस्करून खात होत्या. कवळी कुठाय विचारलं, तर कोनाड्यातला स्टीलचा डबा काढून दाखवला. फडक्यात गुंडाळलेली, लख्ख, नवीकोरी. म्हणाल्या, "लई चांगली हाय बाबा. पावनं-रावळं आलं की घालती." दुखते का विचारलं, तर लाजल्या. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला जुना चट्टा होता.

ते दुखणं काढायला पाच मिनिटं लागतात. हिरडीवरचा दुखरा ठिपका शाईच्या पेन्सिलीनं ओला करून रंगवायचा, कोरडी केलेली कवळी घालायची, काढायची. पेन्सिलीचा डाग कवळीवर उमटतो. तेवढाच भाग बरनं, म्हणजे ड्रिलच्या बारीक टोकानं, घासायचा. तो दुसऱ्या दिवशी करायचा असतो, आठवड्यानं पुन्हा करायचा असतो, महिन्यानं एकदा बघायचा असतो. हे कुणी केलंच नव्हतं. त्या साठांपैकी किती कवळ्या तोंडात राहिल्या, याची नोंद आम्ही ठेवली नाही, आणि त्या न ठेवण्यातच सगळं आलं.

म्हणून सांगतो: शिबिरात "साडेतीनशे रुग्णांनी लाभ घेतला" हा आकडा लिहू नका, लिहिणाऱ्याला पैसे देऊ नका. आकडा चुकीचा निवडला की काम त्या आकड्यामागे धावतं. इंग्लंडमध्ये २००६ साली सरकारी दंतसेवेचा करार बदलला. एका गटातल्या उपचारांना ठरलेले गुण आणि गुणांवर दंतवैद्याचे पैसे, मग एक दात भरा नाहीतर सहा भरा, गुण तितकेच. ज्याच्या तोंडात सहा किडलेले दात त्याला घ्यायला दंतवैद्य नाखूश होणारच. तीन किंवा जास्त दात भरले तर जास्त गुण, ही दुरुस्ती व्हायला २०२२ उजाडलं. तुमच्यासाठी मी दोनच आकडे ठेवीन. बत्तीशी दिल्यावर सहा महिन्यांनी ती घालून भाकरी खाणारे किती. आणि दुसरीतल्या मुलांपैकी चारही सहाव्या दाढा शाबूत असलेली किती. बाकीचा हिशोब विश्वस्तांना हवा असेल तर द्या, माझी हरकत नाही.

बत्तीशी कुणाला द्यायची, हा न्यायाचा खरा प्रश्न. वय ऐंशी म्हणून आधी, साठ म्हणून नंतर, हे नको. मी चावणाऱ्या जोड्या मोजतो. वरचा दात खालच्या दातावर टेकतो अशी एक जोडी. माणसाला वीस दात, म्हणजे दहाएक जोड्या नीट राहिल्या तर बहुतेकांचं खाणं बऱ्यापैकी चालतं. मागच्या दोन-तीन दाढा गेल्या म्हणून प्रत्येकाला पट्टीची कवळी बसवत सुटायची गरज नाही. ज्याच्या तोंडात एकही जोडी नाही तो पहिला. ज्याच्या पुढच्या दोन-तीन जोड्या आहेत पण मागं काहीच टेकत नाही तो दुसरा. त्याच पायरीवर दोघं असतील, तर ज्याच्या घरी कमावतं कुणी नाही तो आधी. हे नियम भिंतीवर लावा. सरपंचाच्या चुलत्याला मागच्या दारानं आत आणायला मग जड जातं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी न्यायाच्या चर्चेत कुणी काढत नाही. शिबिराला जो येऊ शकतो त्यालाच शिबिर मिळतं. गुडघे धरलेली, एसटीची पायरी चढता न येणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं रांगेत नसतातच. आणि ज्यांना पाच खेपा मारता येत नाहीत, त्यांना बत्तीशीही मिळत नाही. म्हणून बत्तीशीच्या खर्चात रिक्षाचं भाडं धरा, आणि ते धरलं म्हणून कुणी नाक मुरडलं तर मला फोन करायला सांगा. आशा ताईंना कोण घराबाहेर पडत नाही ते घर-घर माहीत असतं. त्यांच्याकडून दहा नावं घ्या. तिथं मी पिशवी घेऊन जाईन.

त्या पिशवीत मी जी बाटली नेतो, तीच शाळेतही वापरतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. एक थेंब चार-पाच दातांना पुरतो. किडीवर लावलं की कीड थांबते, मात्र ती जागा काळी पडते. पोराच्या पुढच्या दातावर आई नको म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. मागच्या दुधाच्या दाढेवर मात्र कुणाला दिसत नाही. म्हाताऱ्यांच्या हिरड्या खाली सरकून दाताची मुळं उघडी पडतात आणि मुळाशी कीड धरते. रक्तदाबाच्या, झोपेच्या, मनाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं की ती भराभर पसरते. तिथंही हाच थेंब. चार वर्षांच्या पोरापासून ब्याऐंशीच्या आजोबांपर्यंत एकच बाटली, आणि दोघांनाही इंजेक्शन नाही, ड्रिलचा आवाज नाही. लावण्याआधी काळं पडणार हे सांगून सही घ्यायची, हे मात्र विसरायचं नाही.

मोजमाप न घेता काठी देता येते, चष्माही एक वेळ ठोकळ नंबराचा देता येतो. कवळी नाही देता येत. राष्ट्रीय वयोश्री योजनेत, २०१७ सालापासून, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांच्या यादीत कृत्रिम दात आहेत. जे त्यात बसतात त्यांचे कागद आधी तिकडे पाठवा आणि तुमचे पैसे जे बसत नाहीत त्यांच्यासाठी राखा. पण तिकडून मिळालेल्या कवळीच्या घासाघाशीलाही आपली खुर्ची उघडी ठेवा. ती कुणाच्या पैशानं आली हे दुखऱ्या हिरडीला कळत नाही.

आता ती खरी टक्कर.

सरकारी योजना बघा. मुलांची योजना अठराला संपते. ज्येष्ठांची साठीला सुरू होते. मधली बेचाळीस वर्षं कुणाचीच नाहीत. आयुष्मान कार्ड आहे, पण ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांचं. दाढ भरायला, साफ करायला, रूट कॅनालला ते चालत नाही. दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर जी पाहणी केली तिच्यात बारा वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांचे दात किडलेले आढळले, पस्तीस ते चव्वेचाळीस वयात ऐंशी टक्क्यांच्या आसपास. आकडे जुने आहेत, पण चढ कुठं आहे ते त्यात दिसतं. तुमच्या विश्वस्तांचे दोन्ही तट शिडीच्या दोन टोकांना उभे आहेत, आणि माणसं पडतात मधल्या पायऱ्यांवर.

तुमच्या गावातला कोयता घ्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. फडात दाढ ठणकली तर खाडा पडतो, खाड्याचा दंड मुकादम कापतो. मग माणूस मेडिकलमधून गोळी घेतो, बाई मशेरी दाबते, गडी तंबाखूची चिमूट तिथंच धरतो. सहा महिने असे काढून चैत्रात माघारी येतात तेव्हा दाढ वाचवण्याजोगी राहिलेली नसते. मी ती काढतो. पुढच्या वर्षी दुसरी. पंचेचाळिशीत तोंडात सहा-सात दात, पंचावन्नला बत्तीशीच्या रांगेत. तुमचे आजचे म्हातारे असेच तयार झालेत, आणि उद्याचे आत्ता फडात आहेत.

मशेरी-तंबाखूचं आणखी एक. या वयात तोंड किती उघडतं ते बघायलाच हवं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील, गालाची आतली बाजू पांढरी, चामड्यासारखी लागत असेल, तर ती गुटख्याच्या सुपारीची देणगी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हीही बघताच. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला की छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी. यात खर्च काहीच नाही, फक्त बघायचं आहे, आणि जीव वाचवणारी म्हणावी अशी आमच्या धंद्यातली हीच एक तपासणी.

म्हणून माझा आग्रह असा की तिसरा वाटा काढा. सप्टेंबर महिना आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, संध्याकाळी सहा ते नऊ, फक्त जाणाऱ्या जोड्यांसाठी. कीड उथळ असेल तर भरायची, खोल असेल आणि वाचत असेल तर रूट कॅनाल, वाचत नसेल तर काढून टाकायची. निघताना तोंडात ठणका घेऊन कुणी जाऊ नये, एवढंच उद्दिष्ट. याच दीड महिन्यात खुर्ची अपुरी पडते, आणि इथं मला निवड करावी लागते. पंधरा वर्षांच्या पोराचं रूट कॅनाल, बहात्तरच्या आजोबांची बत्तीशी, आणि परवा बेळगावकडे निघणारा अडतीसचा गडी, तिघं एका संध्याकाळी आले तर मी गड्याला आधी घेतो. पोर इथंच आहे, आजोबाही इथंच आहेत, त्यांना नोव्हेंबर देता येतो. गड्याला नाही. ज्याला उशीर परवडत नाही तो आधी, हे दुखण्याला लागू आहे तसं प्रवासालाही. सुज आणि ताप असलेला कुणीही, कुठल्याही वयाचा, या सगळ्यांच्या पुढं. त्यावर चर्चा नाही.

"पोरांचं आयुष्य पुढं आहे" या युक्तिवादात दम आहे, मी तो उडवून लावत नाही. आजारांचं ओझं मोजणाऱ्या जागतिक हिशोबात नव्वदच्या दशकात तरुण वर्षांना जास्त वजन आणि लहान-म्हातारपणीच्या वर्षांना कमी वजन असायचं. २०१० च्या हिशोबापासून ते वजन काढून टाकलं. एक वर्ष म्हणजे एक वर्ष, कुणाचंही असो. मला ते पटतं. पण दातांत आणखी एक गोष्ट आहे. लहानपणी अडवलेली कीड चाळीस वर्षांनी पैसे वाचवते, आणि बत्तीशी आज संध्याकाळच्या जेवणाला उपयोगी पडते. जपाननं १९८९ मध्ये "ऐंशीव्या वर्षी वीस दात" अशी मोहीम काढली. निम्म्याहून जास्त ऐंशीच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात वीस दात दिसायला २०१६ ची पाहणी यावी लागली. सत्तावीस वर्षं. तुमच्या आजींना तेवढा वेळ नाही. उलटीकडे स्वीडननं २०२५ पासून मोफत उपचारांची वयोमर्यादा २३ वरून १९ वर आणली आणि २०२६ पासून सदुसष्टच्या पुढच्यांना मोठी सवलत दिली. त्यांच्याकडे पोरांच्या दातांचं काम पिढ्यान्‌पिढ्या झालेलं आहे, म्हणून त्यांना हे जमतं. आपण त्यांचं उचलून इथं लावायला गेलो तर फसू.

तर आता रुपये. भाव आमच्या भागातले, थोडे इकडेतिकडे होतील. वार्निशचा माल मुलामागे चाळीस रुपये धरा, नऊशे मुलं, दोन फेऱ्या, बहात्तर हजार. पहिली-दुसरीतल्या दोनशे मुलांच्या चार-चार दाढा सिमेंटनं बंद करायच्या, दाढेमागे पन्नास, चाळीस हजार. हायजिनिस्टचा मेहनताना, गाडी, ब्रश, हातमोजे याला चाळीस हजार. मुलांचं एक लाख बावन्न हजारांत आटोपतं. बत्तीशीला लॅब आणि सामान मिळून साडेचार हजार, मी वेळेचे घेणार नाही. तीस जणांचे एक लाख पस्तीस हजार. रिक्षा आणि घासाघाशीच्या खेपांना वीस हजार, आणि हे वीस हजार कुणी "वाचवायला" निघालं तर बत्तीश्याच कमी करा, पण याला हात लावू नका. जाणाऱ्या जोड्यांसाठी सत्तर हजार. त्यांच्याकडून थोडे तरी घ्या, उचल हातात आलेली असते आणि पैसे दिलेल्या उपचाराला माणूस दुसऱ्या खेपेला येतो. उरले तेवीस हजार. ते कुठंच लिहू नका. कवळी पडून तुटते, नातवंडं खेळायला घेतात, हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हची रिंग जाते.

तीस हा आकडा बघून दुसऱ्या तटाचे लोक नाराज होतील. गावात शंभर तरी बिनदाताची माणसं असतील. मान्य. पण शंभर जणांना डब्यात ठेवायची बत्तीशी देण्यापेक्षा तीस जणांना घालायची दिलेली बरी, हे मी त्या आजींकडून शिकलो. राहिलेल्या सत्तरांची यादी जोड्यांच्या क्रमानं लावून ठेवा, पुढच्या वर्षी तिथून सुरू करायचं. दरवर्षी नव्यानं रांग लावली की तेच धडधाकट पुढं येतात.

बत्तीशी घेणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच सांगा. साखर असेल तर उपाशीपोटी येऊ नका, औषध घेऊन, खाऊन या, आणि शेवटचा रिपोर्ट आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दात काढायचा म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती बंद करू नका. गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी आम्ही बोलू. एका आजोबांनी चार दिवस गोळी सोडली होती आणि मला अभिमानानं सांगत होते.

आणि सर, पहिल्या रविवारी मांडव घालू नका. शाळेचा एक वर्ग आणि खिडकीपाशी दोन बाक पुरे. लॅबवाल्याला मात्र आत्ताच सांगून ठेवतो, कारण दिवाळीत त्याचे कारागीर गावी जातात आणि मग तीस बत्तीश्या डिसेंबरशिवाय हातात येत नाहीत.